कंबरेसाठी दहा मिनिटे

"दिवसभर राबतो, मग आसने कशाला?" असे तुम्ही म्हणाल. पण खुरपणी, लावणी, कापणी सारी वाकूनच होते. कंबरेला मागे वळायला मिळतच नाही. म्हणून पहाटे धारा काढण्याआधी, उपाशीपोटी, घोंगडीवर पालथे पडा. तळहात छातीजवळ टेका, श्वास घेत छाती सावकाश उचला; बेंबी जमिनीलाच राहू द्या. हे भुजंगासन. झटका नको, तीन-चार वेळा पुरे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून आसनांचा शास्त्रीय अभ्यास चालू आहे, तेव्हा याला बुवाबाजी समजू नका. सुगीत बांधावर उभ्यानेच, हात कंबरेवर ठेवून मागे झुका. घरच्या बाईलाही ही दहा मिनिटे हवीतच. तेवढा वेळ चूल दुसऱ्या कुणी सांभाळावी. गरोदर बाईने, हर्निया असलेल्याने हे करू नये. पायाला मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.