नावं घेत उभी राहिलेली बाग

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये पूर्वेच्या बाजूला एक खोलगट भाग आहे. उतारावर रेडवुडची उंच झाडं, त्यांच्या सावलीत नेचे, मधून जाणाऱ्या पायवाटा. दर महिन्याला एका ठरलेल्या शनिवारी सकाळी इथे श्रमदानाला माणसं जमतात. हातमोजे चढवले जातात, फावडी-खुरपी वाटली जातात, ढकलगाड्या भरभरून पालापाचोळ्याचं आच्छादन उतारावर नेलं जातं. मग काम थांबवून सगळे गोल करून उभे राहतात, एकमेकांचे हात धरतात आणि ज्याला वाटेल तो आपल्या गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घेतो. कुणी भावाचं, कुणी मित्राचं, कुणी जोडीदाराचं.

ही बाग म्हणजे ‘नॅशनल एड्स मेमोरियल ग्रोव्ह’. ती कुठल्याही सरकारी योजनेतून आलेली नाही. ज्यांची माणसं गेली, त्यांनीच ती 1991 पासून स्वतः राबून उभी केली.

तेव्हा असं काही करावंसं का वाटलं, हे कळण्यासाठी त्याआधीची दहा वर्षं पाहावी लागतात. 5 जून 1981 रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या दुर्मिळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सची ही पहिली अधिकृत नोंद. समलिंगी पुरुषांची मोठी वस्ती असलेल्या सॅन फ्रान्सिस्कोवर या आजाराचा घाला फार जोरात पडला. 1983 मध्ये तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात एड्सच्या रुग्णांसाठी स्वतंत्र वॉर्ड उघडावा लागला. पहिलं औषध 1987 मध्ये मंजूर झालं. पण जगण्याची खरी आशा देणारे संयुक्त उपचार यायला 1996 उजाडलं. या साथीत एकट्या त्या शहरातली सुमारे 20 हजार माणसं गेली. बरीचशी ऐन तिशी-चाळिशीतली.

मरणानंतरही सुटका नव्हती. अंत्यसंस्कार करणाऱ्या काही संस्था देह ताब्यात घ्यायला नकार देत. कितीतरी घरांनी मृत्यूचं कारण लपवलं. वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या, शेवटच्या दिवसांत उशापायथ्याशी बसलेल्या जोडीदाराला अंत्यविधीत जागाच नसे. दुःख होतं, पण ते घेऊन चारचौघांत बसायचं कुठे, हा प्रश्न होता.

त्याचं एक उत्तर याच शहरातून आलं. गेलेल्या प्रत्येकासाठी साधारण कबरीच्या मापाचा, म्हणजे तीन फूट बाय सहा फुटांचा कापडी तुकडा शिवायचा आणि ते सारे जोडून एक प्रचंड गोधडी करायची. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनच्या विस्तीर्ण मैदानावर ती पहिल्यांदा अंथरली, तेव्हा तिच्यात 1920 तुकडे होते.

दुसरं उत्तर म्हणजे ही बाग. 1988 मध्ये काही रहिवाशांनी कल्पना मांडली, की गेलेल्यांसाठी पुतळा किंवा स्तंभ नको, एक जिवंत जागा हवी. जिथे येऊन रडता येईल आणि हातांना कामही मिळेल. जागा शोधताना नजर पडली ती याच पार्कातल्या ‘डी लाव्हिआगा डेल’वर. एकेकाळचा हा देखणा कोपरा तोवर पार रया गेलेला होता. 1978 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता करावर मर्यादा घातल्यापासून तिथल्या शहरांचे हात आखडलेलेच होते. माळी नाहीत, निगा नाही. सगळीकडे काटेरी झुडपं आणि वेलींचं रान माजलेलं.

शहरानं जागा दिली. श्रम आणि पैसा स्वयंसेवकांनी आणायचा, असं ठरलं. सप्टेंबर 1991 मध्ये कामाला हात लागला.

सुरुवातीचं काम म्हणजे निव्वळ साफसफाई, आणि तीही सोपी नव्हती. रानटी ब्लॅकबेरीच्या फांद्या बोटाएवढ्या जाड होतात, काटे साध्या हातमोज्यांतून आत शिरतात. वरवर छाटून उपयोग नाही. मुळाचा गड्डा जमिनीत राहिला की पुन्हा धुमारे फुटतात. आयव्हीची वेल झाडांवर चढत जाते आणि जमिनीवर तिची जाडजूड चटई पसरते. ती हातानं ओढून, गुंडाळत काढावी लागते. मोकळ्या झालेल्या मातीत मग रेडवुड, डॉगवुड, ऱ्होडोडेंड्रॉन आणि नेचे लावले गेले. सॅन फ्रान्सिस्कोत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. त्या दिवसांत समुद्रावरून येणारं धुकं रेडवुडच्या पानांवर साठतं आणि थेंबाथेंबानं खाली गळत मुळांना ओल देतं. तरी नव्या रोपांना हातानं पाणी घालावंच लागतं.

त्या वर्षांत श्रमदानाला येणाऱ्यांत स्वतः आजारी असलेलेही असत. आपण लावलेलं झाड मोठं झालेलं आपल्याला दिसणार नाही, हे त्यांना माहीत होतं. एका शनिवारी रोप लावून गेलेल्याचं नाव नंतरच्या एखाद्या शनिवारी त्याच वर्तुळात घेतलं जाई. नगरपालिकेनं मजूर लावून हीच बाग केली असती, तर झाडं हीच असती. पण आपल्या माणसाचं नाव मोठ्यानं घेण्याची ही हक्काची जागा मात्र कदाचित तयार झाली नसती. गुडघे टेकून शेजारी तण काढणाऱ्या अनोळखी माणसाशी बोलणं सोपं जातं, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही.

1996 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खासदार नॅन्सी पेलोसी यांच्या पुढाकारानं या बागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची सही झाली. बागेत दगडी फरशीचं एक वर्तुळ आहे. त्यावर दोन हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत.

राष्ट्रीय दर्जाबरोबर वादही आला. इतकी सुंदर, शांत जागा पाहून साथीत काय भीषण घडलं त्याची आठवण कुणाला होणार, असं काहींना वाटू लागलं. नव्या शतकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेऊन एक आराखडा निवडण्यात आला. त्यात जळून गेलेल्या जंगलासारखे काळे खांब उभारायचे होते. ज्यांनी वर्षानुवर्षं इथली माती उपसली होती, त्यातल्या अनेकांनी कडाडून विरोध केला. आम्ही इथे सावरायला येतो, ती जागा पुन्हा जाळू नका, असा त्यांचा आग्रह. दोन्ही बाजूंचं म्हणणं कळण्यासारखं होतं. विसर पडण्याची भीतीही खोटी नव्हती. अखेर तो आराखडा उभारला गेला नाही. 2011 मध्ये आलेल्या ‘द ग्रोव्ह’ या माहितीपटात हा सगळा वाद पाहायला मिळतो.

ही साथ आपल्याकडेही आली. भारतात एड्सच्या विषाणूचं, म्हणजे एचआयव्हीचं, पहिलं निदान झालं 1986 मध्ये, चेन्नईत. ते करणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन या तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या, माहेरच्या गायतोंडे. 1993 मध्ये त्यांनी उपचार आणि संशोधनासाठी जे केंद्र काढलं, त्याला वडिलांचं, वाय. आर. गायतोंडे यांचं नाव दिलं. आजाराला घाबरून रुग्णाला दूर लोटणं आपल्याकडेही झालं. अशा घरांतही दुःख दाराआडच राहिलं.

गेलेल्या माणसासाठी झाड लावणं मात्र महाराष्ट्राला नवं नाही. अनेक गावांत आता रक्षा नदीत न सोडता शेतात किंवा गावाच्या जागेत खड्डा घेऊन त्यात टाकतात आणि वर आंबा, वड, पिंपळ किंवा चिंच लावतात. अडचण येते ती पुढच्या उन्हाळ्यात, जेव्हा पाणी कुणी घालायचं हे ठरलेलं नसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांनी तीन गोष्टी पक्क्या केल्या: जागेबद्दल शहराशी स्पष्ट करार, रोजच्या देखभालीसाठी माळ्याची आणि निधीची सोय, आणि कामाचा एक ठरलेला दिवस. यातली तिसरी सगळ्यात स्वस्त. गावात दहा घरांनी मिळून महिन्यातला एक रविवार ठरवला, आळी करायला आणि पाणी घालायला सगळे एकत्र गेले, तर वर्षश्राद्धाला पाहुणे येतील तेव्हा ते झाड दाखवायला जागेवर असेल.