निळा कागद तांबडा झाला, पुढे काय?

लिटमसचा कागद शाळेत विज्ञानाच्या तासाला हाती येतो आणि परीक्षा संपली की विसरला जातो. निळा कागद तांबडा झाला तर आम्ल, तांबडा निळा झाला तर आम्लारी, एवढे मात्र डोक्यात राहते. आम्ही हा कागद पुन्हा हाती घेतला तो लिंबू-दह्यापेक्षा न्हाणीघरातल्या बाटल्यांसाठी. आपल्या कितीतरी भगिनी दुसऱ्यांची घरे, सोसायट्यांचे जिने आणि संडास साफ करतात. हातगाडीवरून अ‍ॅसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून मिळते. आत काय आहे ते बाटलीवर लिहिलेले नसते.

लिटमसचा रंग दगडफुलाच्या जातकुळीतल्या वनस्पतीसारख्या वाढीपासून काढतात. मसाल्यात आपण घालतो तेच दगडफूल, त्याचे हे भाऊबंद. शाळेचे प्रयोगसाहित्य विकणाऱ्या दुकानात दोन्ही रंगांच्या पट्ट्या स्वस्तात मिळतात. पट्टी बाटलीत बुडवू नये. काडीने एक थेंब घेऊन पट्टीवर टेकवावा. कोरड्या पावडरीने रंग बदलत नाही, ती आधी थोड्या पाण्यात कालवावी लागते. चिंचेचे पाणी किंवा चहा यांचा स्वतःचाच रंग पट्टीला लागतो, म्हणून ते पातळ करून घ्यावे.

लिंबू, चिंच, ताक, व्हिनेगर यांनी निळी पट्टी तांबडी होते. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडनेही ती तशीच तांबडी होते, आणि घोटाळा नेमका इथेच आहे. लिटमस जात सांगतो, जोर सांगत नाही. जोर मोजायला सामू लागतो. 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी, आणि प्रत्येक अंकागणिक दहापट फरक. लिंबाच्या रसाचा सामू 2 च्या आसपास असतो, तर हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या संडास क्लीनरचा 1 च्याही खाली. पट्टीवरचा तांबडा रंग पाहून या दोघांतला फरक कळणार नाही.

आम्लाला आपण सगळेच घाबरतो, आम्लारीला मात्र कोणी घाबरत नाही. साबण, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा यांनी तांबडी पट्टी निळी होते. पानाला लावायच्या चुन्यानेही होते, आणि त्याचा सामू 12 च्या पुढे असतो. लहान मुले चुन्याची पुडी किंवा ट्यूब खेळताना दाबतात आणि चुना डोळ्यात उडतो. आम्लारी पदार्थ डोळ्यात आत आत शिरत जातो, दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा वेळी ‘आम्लारीवर आम्ल’ हे शाळेतले गणित मांडून लिंबूपाणी घालायचे नाही. पापण्या उघड्या धरून साध्या स्वच्छ पाण्याची धार किमान 15 ते 20 मिनिटे सोडायची, कण वाहून जाऊ द्यायचे आणि तसेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे. अ‍ॅसिड उडाले तरी हेच करायचे, त्यावर सोडा लावायचा नाही. कोणी चुकून बाटलीतले प्यायले तर उलटी करवू नये. ती बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा.

ब्लीचिंग पावडरीचे पाणी लावले की तांबडी पट्टी आधी निळी होते आणि मग तिचा रंगच उडून ती पांढरी पडते. रंग खाणारा हा क्लोरीन अ‍ॅसिडच्या संपर्कात वायू होऊन बाहेर पडतो. फरशी लवकर उजळावी म्हणून बंद संडासात दोन्ही एकत्र ओतणाऱ्यांना ठसका लागतो, डोळे झोंबतात, छाती आवळते. पुष्कळजणी ‘अ‍ॅसिडचा वास सहन झाला नाही’ म्हणून सोडून देतात. तो निव्वळ वास नसतो, फुप्फुसाला इजा करणारा वायू असतो. ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. दम लागत असेल तर डॉक्टरांना दोन्ही पदार्थांची नावे सांगावीत.

पट्टी मिळाली नाही तर हळदीची पेस्ट कागदावर फासून वाळवावी. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, तसा हा कागद आम्लारीने लाल होतो. आम्लाने मात्र तो पिवळाच राहतो, त्यामुळे अर्धेच उत्तर मिळते. आणि दोन्ही पट्ट्यांचा रंग बदलला नाही म्हणून पाणी पिण्याजोगे ठरत नाही. जंतू लिटमसवर दिसत नाहीत.

घरात कामासाठी जी बाटली येईल तिच्यावर त्याच दिवशी ‘अ‍ॅसिड’ किंवा ‘ब्लीच’ असे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवावे. एक खाली ठेवली तर दुसरी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि दोन्ही मुलांच्या हाताबाहेर. पाण्याच्या बाटलीत भरलेले अ‍ॅसिड दुकानदाराने दिले तरी घेऊ नये.