ढगातले दोन काटे

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या विमान चालवायला शिकत आहे. गेल्या पावसाळ्यात ती सुटीवर आली असता मी अमरावतीहून अकोल्याला तिच्या घरी गेलो. चहा झाला, आणि तिच्या आईने मनातली काळजी बोलून दाखविली.

"सर, ढगात काहीच दिसत नाही म्हन्ते पोरगी. मंग इमान उतरवते कसं जी?"

मुलगी हसली. तिने मला फिरत्या खुर्चीवर बसविले, डोळे बांधले आणि खुर्ची एकसारखी फिरवीत राहिली. थोड्या वेळाने मला वाटले, खुर्ची थांबली! मग तिने ती खरोखरच थांबविली, तर मी उलट फिरू लागल्याचा भास झाला. आपला तोल सांभाळणाऱ्या नलिका कानाच्या आत असतात. त्यांतला द्रव सतत फिरू लागला की त्यांना वळण कळेनासे होते. ढगात वैमानिकाची हीच गत होते. विमान वळत असते आणि शरीर सांगते, सरळ चालले आहे!

म्हणून कानाचे न ऐकता काट्यांचे ऐकायला शिकावे लागते. अमेरिकेत जिमी डूलिटल याने २४ सप्टेंबर १९२९ रोजी झाकलेल्या जागेत बसून, बाहेर न पाहता, विमान उडविले आणि उतरविले. आज शिकणाऱ्याच्या डोक्यावर पुढे आलेली झापड चढवितात. त्याला फक्त उपकरणे दिसतात. बाहेर लक्ष ठेवायला शेजारी शिक्षक असतो.

धावपट्टीजवळून रेडिओच्या लहरी येतात. त्यांवर एक काटा डावे-उजवे सांगतो, दुसरा वर-खाली. उतार साधारण तीन अंशांचा. म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट खाली. जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर, बहुधा २०० फुटांवर, मान वर करून पाहायचे.

वऱ्हाडाच्या आभाळाला हे नवे नाही. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, आणि टपालाची अदलाबदल करून परतत. मुंबई-नागपूर सरळ रेघ ओढली, तर ती वऱ्हाडावरूनच जाते. १६ एप्रिल २०२५ पासून तर अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचे प्रवासी विमान उतरू लागले.

आईचे समाधान अजून झाले नव्हते. "अन् थ्या उंचीवर पट्टी दिसलीच नाही तं?"

"तर इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जायचं, आई. त्याचा सराव आमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतात."

मी मास्तर माणूस. पुढे जाणाऱ्याला गुण देण्यात माझी वीस वर्षे गेली. वेळेवर माघारी वळल्याबद्दल मी कधी कोणाला गुण दिल्याचे आठवेना.

आईने कप उचलले. "परत फिरा म्हनून शिकवतात, तं मंग शिक बाई," असे म्हणत ती आत गेली.