समृद्धीचा बोगदा आणि भूकंपाचा हिशेब

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि भिवंडीच्या मालाला नवी वाट मिळाली. आमणे आपल्या तालुक्यातच आहे. तेथून निघालेला कापडाचा ट्रक आता कसारा घाटाची वळणे टाळून, सह्याद्रीच्या पोटातील सुमारे आठ किलोमीटरच्या जोड बोगद्यातून इगतपुरीला पोहोचतो. वेळ वाचतो, डिझेल वाचते. परंतु भूकंप झाला तर या बोगद्याचे काय, असा प्रश्न अनेक व्यापारी बांधव विचारतात. प्रश्न रास्त आहे. आम्ही इंजिनियर नाही, कापडाचे व्यापारी आहोत. तरी जोखमीचा अंदाज घेणे हे आमचेही रोजचे काम आहे. जाणकार हा अंदाज कसा काढतात, ते येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

धक्का किती मोठा?

पहिली पायरी म्हणजे जुनी वही उघडणे. आसपासच्या मुलखात पूर्वी कोठे, किती मोठे भूकंप झाले आणि जमिनीत भेगा कोठे आहेत, याची यादी केली जाते. आपली यादी कोरी नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. १९८३ साली शहापूर तालुक्यात भातसा धरणाच्या परिसरात धक्क्यांची मालिकाच सुरू झाली होती. बोगद्याचे भिवंडीकडचे तोंडही याच तालुक्यात आहे. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर-डहाणू भागाने शेकडो लहान धक्के सोसले.

या यादीवरून, ५० वर्षांत दहा टक्के शक्यता असलेला धक्का किती जोराचा असेल, असे गणित मांडतात. भारतीय मानकाच्या २००२ सालच्या नकाशात ठाणे जिल्हा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आणि कोयना चौथ्या विभागात दाखविली आहे. मात्र नकाशावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत हजारो माणसे गेली, तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता.

बोगदा किती सोसेल?

दुसरी पायरी मालाची पारख. येथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. जमिनीवरच्या इमारतीपेक्षा खडकातला खोल बोगदा भूकंपात अधिक सुरक्षित असतो. घट्ट आवळलेल्या गाठीतला तागा धक्का बसला तर गाठीबरोबरच हलतो. मोकळी रचलेली ताग्यांची थप्पी मात्र कोसळते. तसाच बोगदा डोंगराबरोबर हलतो, इमारत एकटी झुलते. डाउडिंग आणि रोझेन या संशोधकांनी १९७८ साली ७१ बोगद्यांची माहिती तपासली. जमिनीवरचा हादरा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एकपंचमांशापर्यंत असेल, तर बोगद्यांना इजा झालेली आढळली नाही.

याचा अर्थ धोका शून्य आहे असा नव्हे. १९९९ साली तैवानच्या मोठ्या भूकंपानंतर ५७ बोगदे पाहिले गेले, त्यांपैकी ४९ ना कमीअधिक नुकसान झाले होते. त्याच वर्षी तुर्कस्तानात बोलू येथील रस्त्याच्या बोगद्याचा काही भाग बांधकाम चालू असतानाच ढासळला. तेथे माती कमकुवत होती आणि आतले पक्के अस्तर पूर्ण झालेले नव्हते. बोगदा अखेर २००७ साली खुला झाला.

या अनुभवांवरून तपासनीस चार ठिकाणी बोट ठेवतात. बोगदा जमिनीतील हलती भेग ओलांडतो का? दोन्ही तोंडांवरचा उतार दरड सोडण्यासारखा आहे का? मध्येच खडक बदलतो का? अस्तर जाड आणि अखंड आहे का? सह्याद्रीचा काळा पाषाण मजबूत आहे, पण तो लाव्हाच्या थरांनी बनला आहे. दोन थरांमध्ये कोठे कोठे लाल मातीचा मऊ पट्टा असतो. पाणी लागले की तो फुगतो आणि ढिला होतो. म्हणून तोंडे आणि असे पट्टे यांवर पावसाळ्यानंतर विशेष नजर हवी.

नुकसान कोणाचे, किती?

तिसरी पायरी खास आपली आहे. बोगदा उभा राहिला, तरी तोंडावर दरड आली तर वाट बंद. पर्याय कसारा घाटाचा. पण मोठ्या धक्क्यात घाटातल्या दरडी आधी सुटतील. म्हणजे दोन्ही वाटा एकदम अडू शकतात. नाशिक, मालेगावचा वायद्याचा माल असेल त्याने हे ध्यानी ठेवून सगळा माल एकाच दिवशी, एकाच वाटेने पाठवू नये. वाहतुकीच्या विम्यात भूकंप आणि दरड हे शब्द आहेत की नाहीत, हे हप्ता भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

ड्रायव्हरलाही दोन गोष्टी सांगाव्यात. बोगद्यात हादरा जाणवला तर एकदम ब्रेक मारू नये. वेग कमी करावा आणि तोंड समोर दिसत असेल तर सावकाश बाहेर पडावे. नसेल तर डाव्या कडेला थांबून इंजिन बंद करावे, चावी गाडीतच ठेवावी आणि पुढे वाट बंद असेल किंवा धूर असेल तर जोडरस्त्याने दुसऱ्या बोगद्यात पायी जावे. माल पुन्हा मिळेल, माणूस नाही.

शेवटी खरा हिशेब. जो धक्का बोगद्याला खरचटेल, तो आमच्या जुन्या इमारतींना आणि लूमच्या कारखान्यांना जमीनदोस्त करील. २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीची जिलानी इमारत भूकंपाविनाच कोसळली आणि सुमारे ४० जीव गेले. बोगद्याची तपासणी करायला सरकार आहे. ज्या छताखाली आपले कारागीर रात्रपाळी करतात आणि त्यांची मुले झोपतात, त्या छताची तपासणी मालकानेच करवून घ्यायची आहे. तडा गेलेला खांब आणि वरच्या मजल्यावर चढविलेले जड लूम यांची पाहणी या महिन्यातच करून घ्यावी.