भिंत आणि पत्रा यांच्यामधली पट्टी

मृगाची पहिली जोरदार सर आली की छत्रपती संभाजीनगरात गच्चीवरच्या शेडपासून वाळूज-चिकलठाण्यातल्या गाळ्यांपर्यंत एकच ओरड ऐकू येते: पत्रा गळतोय. बहुतेक वेळा पत्रा बिचारा निर्दोष असतो. पाणी शिरतं ते पत्रा भिंतीला टेकतो तिथून. ही फट झाकणाऱ्या वाकवलेल्या पट्टीला कारागीर फ्लॅशिंग म्हणतात. पण शेडचा भाव चौरस फुटावर ठरतो, त्यात या पट्टीची वेगळी दखल क्वचितच घेतली जाते; शेवटी सिलिकॉनची एक नळी पिळून काम उरकतं. माझ्या मते चूक इथेच होते. सांधा पट्टीच्या आकाराने आणि पट्ट्या एकमेकींवर चढवण्याच्या क्रमाने कोरडा राहायला हवा. चिकटद्रव्य त्याच्या मदतीला असावं, भरवशाला नव्हे.

यावर कुणी म्हणेल, हे काही कोकण नाही. वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्याला एवढा थाट कशाला? पण इथला पाऊस कमी असला तरी येतो तेव्हा वाऱ्यासह झोडपतो, आणि सांधा तर त्याआधीच्या उन्हाळ्यातच फाटलेला असतो. पोलादाचा एक मीटर तुकडा दर अंशाला 0.012 मिलिमीटर वाढतो. सहा मीटरच्या पत्र्याच्या तापमानात रात्र आणि भर दुपार यांत 40 अंशांचा फरक धरला, तर तो रोज जवळजवळ तीन मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. भिंत मात्र जागची हलत नाही. चांगलं सिलिकॉन ताणलं जातं हे खरं, पण धुळकट गिलाव्यावर त्याची पकडच बसत नाही. म्हणून पट्ट्या दोन हव्यात: एक पत्र्याला कसलेली, भिंतीलगत दीडशे मिलिमीटर वर चढणारी, दुसरी भिंतीत पंचवीसेक मिलिमीटर खाच पाडून बसवलेली, पहिलीवर नुसती लोंबणारी. मग पत्रा खुशाल सरको.

खर्च वाढतो, हा आक्षेप खरा आहे. पण निम्मी दुरुस्ती हातकामाच्या शिस्तीतच आहे. उतारावर पट्ट्या खालून वर लावत जायच्या, म्हणजे वरची खालचीवर चढते. आडव्या सांध्यात पश्चिमेकडचा तुकडा वर ठेवायचा, कारण पावसाळी वारा बहुतांशी तिकडून येतो. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पाणी वाहणाऱ्या खोलगट भागात नाही. पट्टीची कड दुमडायची. ग्राइंडरने कापलं तर ठिणग्यांबरोबर जस्ताचा लेपही जळतो आणि कड गंजते. त्यापेक्षा कात्री बरी. भोकं पाडताना पडलेला लोखंडी कीसही झाडून काढावा, नाहीतर महिन्याभरात तांबडे डाग दिसतात. जुन्या शहरातल्या काळ्या दगडाच्या किंवा चुन्यातल्या विटांच्या भिंतीत खाच दगड-विटेत न पाडता दर्जांमध्येच घ्यावी आणि पट्टी बसल्यावर ती दर्ज चुन्यानेच भरावी.