वरण, कढण आणि प्रथिने : आहारातील शब्दांचा विचार

रोजच्या आहारातील प्रथिने वाढवावयाची तर ती कोणत्या पदार्थांतून मिळवावी, हा प्रश्न मुख्यतः आहारशास्त्राचा आहे. तथापि त्याचे उत्तर घराघरांत पोहोचते ते भाषेच्या द्वारे. आणि आपल्या स्वयंपाकघरातील शब्द ह्या बाबतीत नेहमीच विश्वासार्ह वाटाडे ठरतात असे नाही. प्रस्तुत लेखात अशा काही शब्दांचा परामर्श घेऊन त्यांमागील अन्नद्रव्याचे प्रमाण स्पष्ट करण्याचा उद्देश आहे.

१. ‘प्रथिन’ आणि ‘पौष्टिक’

१८३८ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर ह्यांनी स्वीडनमधील बर्झेलियस ह्यांच्या सूचनेवरून ‘प्रोटीन’ ही संज्ञा रूढ केली. तिच्या मुळाशी ‘अग्रस्थानी असलेले’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मराठीतील ‘प्रथिन’ हा शब्द ध्वनीने मूळ संज्ञेच्या जवळ जातो आणि अर्थाने ‘प्रथम’ ह्या शब्दाचे स्मरण करून देतो. परंतु हा शब्द पाठ्यपुस्तकातला. घरातला शब्द ‘पौष्टिक’ हा होय. तो ‘पुष्टी’पासून आला असून त्यात अंग भरणे, बाळसे धरणे हा अर्थ प्रधान आहे. म्हणूनच तूप, गूळ आणि साबुदाण्याची खीर ह्यांनाही आपण निःशंकपणे पौष्टिक म्हणतो. तुपात व गुळात प्रथिने जवळजवळ नसतात. साबुदाण्यात शंभर ग्रॅमला एक ग्रॅमही भरत नाहीत. उपवासाच्या दिवशी प्रथिने मिळतात ती खिचडीतल्या दाण्याच्या कुटातून, दाण्याच्या आमटीतून वा राजगिऱ्यातून. शेंगदाण्यात ती शंभरास सुमारे २४ ग्रॅम, तर राजगिऱ्याच्या दाण्यात सुमारे १४ ग्रॅम असतात.

२. ‘तोंडी लावणे’

भाकरी किंवा भात हे जेवण आणि डाळ, उसळ, कालवण हे ‘तोंडी लावणे’, अशी आपल्या भाषेने ताटाची वाटणी केली आहे. ही वाटणी प्रमाणाचीही निदर्शक आहे: जे तोंडी लावावयाचे ते थोडेच असावयाचे. वस्तुतः भाकरीही प्रथिनहीन नाही. ज्वारीत व बाजरीत शंभर ग्रॅमला सुमारे १० ते ११, गव्हात सुमारे ११ ते १२, तांदळात ७ ते ८ आणि नाचणीत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. उणीव आहे ती प्रतीची. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. डाळी व कडधान्ये ह्यांत ते भरपूर असते. उलट कडधान्यांत कमी असणारे मेथिओनिन धान्ये पुरवितात. डाळ-भात वा भाकरी-उसळ ह्या जोड्यांचे महत्त्व ह्या परस्परपूरकतेत आहे. अर्थात ही पूर्ती होण्यास डाळ पुरेशी हवी. चवीपुरती डाळ ते काम करू शकत नाही.

३. पाण्याचे प्रमाण आणि पदार्थांची नावे

‘डाळ’ ह्या शब्दाचा संबंध दुभंगणे ह्या अर्थाच्या ‘दल्’ धातूशी आहे. तूर, मूग, उडीद, मसूर वा हरभरा, कोणतीही डाळ घेतली तरी कोरड्या शंभर ग्रॅमला २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. मटकी, चवळी, कुळीथ ह्यांचेही तेच. सोयाबीन मात्र त्यांच्या बरेच पुढे, चाळिशीच्या आसपास आहे. तेव्हा कोणती डाळ, ह्यापेक्षा किती डाळ, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. आणि नेमके तेच पदार्थाच्या नावातून कळत नाही.

झुणका, पिठले, उसळ, वरण, आमटी, कढण, कट, कळण अशी एक उतरंड मांडता येईल. वरच्या पायऱ्यांवर कडधान्य वा पीठ अधिक व पाणी कमी. खालच्या पायऱ्यांवर पाणीच प्रमुख. कट म्हणजे पुरणाची डाळ शिजवून निथळलेले पाणी, तर कळण हे शिजलेल्या कुळथाचे पाणी. त्यांची रुची वादातीत आहे. पण प्रथिने बहुतांशी गाळून राहिलेल्या डाळीत वा कुळथात असतात. ‘वरण’ हा शब्द तर गोळ्यासारख्या घट्ट वरणालाही चालतो आणि पाच माणसांसाठी मूठभर डाळीत वाढविलेल्या पातळ पाण्यालाही. मासळीच्या नावांत मात्र कोकणाने हा भेद स्पष्ट राखला आहे: ओले बोंबील वेगळे, सुके वेगळे. सुक्या बोंबलांत शंभर ग्रॅमला सुमारे ६० ग्रॅम प्रथिने भरतात, कारण पाणी उडून गेलेले असते. मोड आलेल्या मुगाविषयीचा गैरसमजही ह्याच प्रकारचा आहे. भिजल्याने वजन सुमारे दुप्पट होते, म्हणून वाटीभर मोडांत वाटीभर कोरड्या मुगाइतकी प्रथिने नसतात. मोडांचा लाभ मुख्यतः पचन सुलभ होण्यात आहे.

ह्या शब्दसंदिग्धतेची सर्वांत मोठी किंमत लहान मुले देतात. सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधाच्या जोडीने घट्टसर अन्न हवे असते. पुष्कळ घरांत ह्या वयात ‘वरणाचे पाणी’ दिले जाते. त्याने इवलेसे पोट भरते, परंतु प्रथिने व उष्मांक अत्यल्प मिळतात. पाहणी करणाऱ्याने ‘बाळाला डाळ देता का?’ असे विचारले, तर आई प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणते आणि नोंदवहीत डाळीची खूण होते. दोघांच्याही बोलण्यात असत्य नाही. केवळ शब्द एक आणि वस्तू दोन आहेत.

४. एक हिशेब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था ह्यांनी २०२० मध्ये प्रौढांसाठी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज शिफारसिली आहेत. ५५ किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीस ह्याप्रमाणे सुमारे ४६ ग्रॅम लागतात. ही संख्या उत्तम प्रतीच्या प्रथिनांसाठी असून केवळ धान्यावर भागवावयाचे तर अधिक प्रथिने घ्यावी लागतात. आता एक साधे ताट पाहू. अडीचशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून सुमारे २५ ग्रॅम, तीस ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून साडेसहा, तीस ग्रॅम मटकीच्या उसळीतून सात, पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यांतून सहा आणि दीडशे मिलिलिटर दूध वा त्याच्या दह्यातून सुमारे पाच. एकूण पन्नासच्या आसपास. ह्यात एकही वस्तू अपरिचित नाही. अंडे चालत असल्यास एका अंड्याने आणखी सुमारे सहा ग्रॅम मिळतात. उलट उसळ व दाणे वगळून पातळ आमटी आणि दह्याऐवजी पाणीदार ताक घेतले, तर तेच ताट पस्तिशीच्या खाली येते.

ह्यावरून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरात नवे पदार्थ शोधण्यापूर्वी जुन्यांतील कोरड्या डाळीचे माप वाढवावे आणि ती शिजल्यावर गाळून टाकू नये. क्षेत्रपाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पदार्थाचे नाव विचारून थांबू नये. ‘किती मुठी किंवा वाट्या डाळ घातली, आणि ती किती माणसांनी खाल्ली?’ असे विचारावे. घरातली मूठ आणि वाटी अगोदर एकदा तोलून घेतली, म्हणजे उत्तराचे ग्रॅममध्ये रूपांतर करणे अवघड नाही.