गाडी येत नसलेल्याचा प्रवास

या सभेत किती जणांना मोटार चालविता येते, हे मी हात वर करावयास लावून विचारणार नाही. मला स्वतःला येत नाही, एवढे आरंभीच सांगून टाकतो. तरुणपणी शिकावयाचे राहून गेले, आणि पुढे सवड झाली तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी मान हलविली. पण प्रवासाची हौस काही डोळ्यांबरोबर अधू होत नाही. म्हणून आज ज्या प्रश्नावर बोलावयाचे आहे तो माझ्या घरचाच आहे. झोपावयाची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, जिला हल्ली कॅराव्हॅन म्हणतात, ती घेऊन चार दिवस फिरावयाचे आहे आणि घरात कोणालाच गाडी येत नाही. अशा वेळी ड्रायव्हर ठेवावा कसा?

चाकांवरचे घर नगरला नवे नाही. मेहेरबाबांच्या मंडळींनी १९३८ च्या अखेरीस एका निळ्या बसमधून हिंदुस्थानभर प्रवास आरंभिला. तीत मुख्यतः स्त्रिया असत, आणि तिचे चाक पुष्कळदा एलिझाबेथ पॅटरसन या अमेरिकन शिष्येच्या हाती असे. पुढे त्या बसचा सांगाडा पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला आला आणि १९४९ मध्ये बाबांनी त्यातच एकांतवास केला. आपल्या दृष्टीने यात महत्त्वाचे एवढेच, की गाडी चालविणारी व्यक्ती त्या परिवारातलीच होती. ती कोठे जेवेल, कोठे झोपेल, हा वेगळा प्रश्न नव्हता. सर्व जेथे, तेथे ती.

दुसरे उदाहरण आपल्या माळीवाड्याचे. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एस.टी. नगरहून पुण्याला निघाली आणि किसन राऊत हे तिचे चालक होते. एस.टी.च्या चालकाची पाळी, विश्रांती, मुक्काम हे सारे एस.टी. पाहते. उतारूने तिकीट काढावे आणि खिडकीबाहेर पाहावे.

भाड्याने ठेवलेला ड्रायव्हर या दोहोंच्या मधला आहे. तो घरातला नाही, आणि त्याला वेळापत्रकही नाही. त्याचे वेळापत्रक आपणच करतो, तेही बहुधा त्याला न विचारता. सारा घोटाळा येथे होतो.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सात जण एक गाडी व ड्रायव्हर ठरवून पहाटे नगरहून निघालो. शिंगणापूर, नेवासे आणि शिर्डी हे सारे एका दिवसात करावयाचे होते. आम्ही दर्शनाच्या रांगेत उभे होतो तेव्हा ड्रायव्हरमामा विश्रांती घेत आहेत, अशी आमची प्रामाणिक समजूत. प्रत्यक्षात ते उन्हात तापलेल्या गाडीत बसून होते, कारण आमचे सामान आत होते आणि ‘गाडी सोडू नका’ असे मीच त्यांना बजावले होते. रात्री अकराला शिर्डीहून परत निघालो. मागे सर्व झोपले. मी पुढे बसलो होतो, राहुरी ओलांडल्यावर माझाही डोळा लागला. एकदम खडखडाट झाला, गाडी रस्ता सोडून खडीवर गेली होती आणि समोर बाभळीचे खोड होते. मामांनी सावरले. कोणाला इजा झाली नाही. ते उतरले, तोंडावर पाणी मारले आणि म्हणाले, ‘‘साहेब, काल रात्रीही एक भाडं होतं.’’ आदली रात्र त्यांनी कोठे काढली, हे मी भाडे ठरविताना विचारलेच नव्हते. किलोमीटरचा दर मात्र दोनदा विचारला होता.

म्हणून माझ्या यादीत पहिला प्रश्न दराचा नाही, झोपेचा आहे. तुम्ही निघण्याच्या आदल्या रात्री तो घरी असेल काय? आणि वाटेत तो कोठे निजेल? कॅराव्हॅन घेताना लोक मोजतात, आपण चौघे आणि बिछाने चार, छान झाले. पाचवा माणूस त्यांच्या हिशेबात नसतो. मग तो पुढच्या सीटवर पाय दुमडून, काच दोन बोटे खाली करून, डास मारीत रात्र काढतो. आणि दुसऱ्या दिवशी घाटात आपले चारही जीव त्याच्या हाती असतात. तेव्हा पाचवा बिछाना गाडीत नसेल, तर मुक्कामाच्या गावी त्याच्यासाठी खोली घ्यावी. हा खर्च दयेच्या खात्यावर लिहू नये. डिझेलच्या शेजारी लिहावा.

किती तास चालवावे याला आपल्याकडे जुना मापदंड आहे. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी जो कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, असे धरले होते. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक संस्थांसाठी होता. पण झोप काही कामगारांची संख्या पाहून येत नाही, तेव्हा हे माप घरच्या सहलीलाही लावावे. आठ तासांत वाट पाहण्याचे तासही धरावेत. नगरहून राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असे करीत भंडारदरा गाठावयाचा तर अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. मोटारीला ते काहीच नाही. परंतु उंच, जड गाडी, शेवटचा वळणांचा रस्ता आणि वाटेतला उसाच्या ट्रॅक्टरांचा ताफा लक्षात घेता, एका दिवसाला एवढे पुरे म्हणावे. अंधार पडण्यापूर्वी पोचावे. विल्सन धरण १९२६ पासून तेथेच आहे, दुसऱ्या दिवशी सकाळीही ते दिसेल.

आता कागदपत्रे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडे भाड्याची कॅराव्हॅन बहुधा चालकासहच मिळते, आणि तेव्हा पुष्कळशी जबाबदारी मालकाची असते. तरीही परवाना पाहावयास मागण्यात संकोच नसावा. हल्ली तो डिजिलॉकरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या खिशातल्या फोनवरच असतो. साध्या हलक्या वाहनाचा परवाना असा मोठा सांगाडा चालविण्यास चालतो का, ही शंका वर्षानुवर्षे कोर्टात घोळत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तिचा निकाल लावला. ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे वाहतुकीचे वाहनही त्या परवान्यावर चालविता येते. कायद्याची शंका फिटली, हाताच्या सवयीची नव्हे. ती स्वतः पाहावी लागते.

गाडी स्वतःची असून ड्रायव्हर मात्र पगारी असेल, तर गोष्ट निराळी. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली, तर चालविणाऱ्याइतकाच मालकही अपराधी ठरतो. पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विम्यात पगारी चालकाची जबाबदारी थोडा जादा हप्ता भरून घेता येते, ती अवश्य घ्यावी. आणखी एक बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पॉलिसीत ‘मालक-चालक’ म्हणून जो वैयक्तिक अपघात विमा असतो, तो ज्या मालकाजवळ परवाना आहे त्यालाच मिळतो. माझ्यासारख्याला तो लागू नाही. मी मालक असलो तरी चालक नव्हे. अशाने आपला अपघात विमा वेगळा उतरवावा.

हाताची सवय पाहावयाची ती अशी. निघण्यापूर्वी एकदा त्याच गाडीतून त्याच्याबरोबर नगरच्या बाहेर दहा-पंधरा किलोमीटर जाऊन यावे. तो वेग किती घेतो हे पाहू नये, वेग सर्वांनाच येतो. गाडी मागे घेताना उतरून पाहतो का, झाडाची फांदी व विजेची तार नजरेने मोजतो का, उतारावर गिअर खाली घेतो की नुसता ब्रेक दाबून धरतो, हे पाहावे. आपल्या नगरला लष्कराची छावणी, चिलखती दलाचे शिक्षण केंद्र आणि वाहन संशोधनाची संस्था आहे. जड वाहनांवर आयुष्य घालविलेला एखादा निवृत्त माणूस तुमच्याच आळीत असावयाचा. त्याला शेजारी बसवून नेले, तर परीक्षा अधिक चांगली होईल.

आणि बोली आधी करावी. कर्णाचे सारथ्य पत्करताना शल्याने अट घातली होती, की मनास येईल ते मी बोलेन. कर्णाने ती मान्य केली आणि ऐन रणात त्याचे फळ भोगले. आपण मात्र उलट करतो. अट अशी घालीतच नाही, आणि वाटेत भांडतो. दिवसाचे किमान किलोमीटर, रात्रीचा भत्ता, टोल, पार्किंग, दोन वेळचे जेवण, गाडी बंद पडली तर त्या दिवसाचे काय, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. त्या कागदात एक ओळ ड्रायव्हरच्या बाजूची असावी: ‘‘झोप आल्यास गाडी थांबविण्याचा अधिकार चालकाचा, त्यावर वाद नाही.’’

गेल्या हिवाळ्यात आम्ही भंडारदऱ्याला गेलो तेव्हा ही ओळ कागदावर होती. परतताना दुपारी अकोल्याच्या अलीकडे मामांनी काही न बोलता गाडी एका आंब्याखाली घेतली आणि म्हणाले, ‘‘वीस मिनिटं.’’ माझ्या मेहुण्याने घड्याळ पाहिले. मी त्याला तो कागद दाखविला. मामा घोरू लागले आणि आम्ही स्टोव्ह पेटवून चहा ठेवला, त्यांचा कप धरून सहा.